पेठेचं उत्पन्न वाढलं, की पेठेतली माणसं बदलली?

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरात कुणाशी ओळख झाली की दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या पेठेतला?" उत्तर येतं, "शिवाजी पेठ." मग बोलता बोलता कळतं, माणूस राहायला पाचगावात आहे. पेठेतल्या घराची वाटणी झाली, वाट्याला आलेल्या पैशांत तिकडं दोन खोल्या बांधल्या. गल्लीतल्या तालमीची, म्हणजे तिथल्या आखाड्याची आणि मंडळाची, वर्गणी मात्र अजून पेठेतच भरतो. जनगणनेत तो पाचगावचा, मतदार यादीत कदाचित अजून पेठेतला, आणि स्वतःच्या मनात तर कायमचाच पेठेतला.

पेठ बदलली, असं आपण सगळेच म्हणतो. आज बोलायचं आहे ते हा बदल मोजायचा कसा आणि मोजताना फसगत कुठं होते, याविषयी. शाळेचे वर्ग, पाण्याची लाईन, दवाखाना, वस्तीसुधारणेचा निधी, हे सगळं अशा आकड्यांवर ठरतं. आकडा चुकला, तर ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्याचंच घर हिशेबातून गळतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्या जनगणनेत उत्पन्न विचारत नाहीत. घरयादीच्या फेरीत भिंत कसली, छप्पर कसलं, खोल्या किती, घर मालकीचं की भाड्याचं, पाणी कुठून, स्वयंपाक कशावर, घरात टीव्ही, दुचाकी, चारचाकी आहे का, हे विचारतात. २०११ च्या यादीत रेडिओचाही प्रश्न होता. या वस्तूंवरून आपण ऐपतीचा अंदाज बांधतो. पण खुणा जुन्या होतात. १९९१ साली दारात दुचाकी म्हणजे बरं घर. आज हप्त्यावरची दुचाकी रोजंदारीवर जाणाऱ्याच्याही दारात असते, कारण शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीची पाळी गाठायला ती लागतेच. तिथं दुचाकी हे कामाचं हत्यार आहे. खोल्यांची संख्या आणि खोलीमागं माणसं, ही खूण मात्र अजून बऱ्यापैकी टिकून आहे.

दुसरी अडचण हद्दीची. कोल्हापूर महापालिका १९७२ मध्ये झाली आणि पुढची अनेक दशकं तिची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटरच राहिली. २००१ ला शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ९३ हजार, २०११ ला ५ लाख ४९ हजार. म्हणजे दहा वर्षांत वाढ ११ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा बघून कुणी म्हणेल, कोल्हापूर थंडावलं. पण कळंबा, पाचगाव, उचगाव, सरनोबतवाडी या बाजूला फिरून या. वाढ झाली ती हद्दीच्या रेषेपलीकडं. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी वेगळं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण करावं लागलं ते त्याचमुळं. पेठेतून गेलेलं कुटुंब चार किलोमीटरवर राहतं आणि रोज पेठेतच कामाला येतं, पण कागदावर ते 'शहर सोडून गेलं'.

पेठेच्या आतही हाच घोळ आहे. महापालिकेचे प्रभाग निवडणुकीगणिक बदलतात. २०१० ला ७७ होते, २०१५ ला ८१ झाले. प्रभाग क्रमांक तोच दिसला तरी गल्ल्या त्याच असतील असं नाही. म्हणून दोन सालांची तुलना प्रभागाच्या आकड्यावर कधी करू नये. त्याऐवजी सिटी सर्व्हेचा, म्हणजे शहरातल्या मिळकतींच्या सरकारी मोजणीचा, आधार घ्यावा. ए, बी, सी, डी, ई हे जुने वॉर्ड आणि त्यांतले सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे सि. स. नंबर, निवडणुकीनं हलत नाहीत. एक गल्ली घ्या, तिच्या दोन्ही बाजूंचे सि. स. नंबर उतरवून काढा आणि तीच हद्द पुढची दहा वर्षं धरून बसा. पन्नास-साठ मिळकतींच्या वर जाऊ नका. दोन माणसांना चार रविवारांत नीट होईल एवढंच काम हातात घ्यावं.

आता कुटुंब कशाला म्हणायचं? जनगणनेची व्याख्या आपल्या बोलण्यातलीच आहे, एक चूल म्हणजे एक कुटुंब. एका वाड्यात तीन भाऊ, छप्पर एक, आडनाव एक, पण चुली तीन असतील तर कुटुंबं तीन. ही गोष्ट साधी वाटते, पण उत्पन्नाच्या आकड्यांत ती फार गोंधळ घालते. आठ माणसांचं एकत्र घर, महिन्याला ४० हजार येतात. चूल वेगळी झाली, चार-चार माणसांची दोन घरं झाली, प्रत्येकी २० हजार. कुटुंबामागचं उत्पन्न एका दिवसात निम्मं. माणशी बघितलं तर तेव्हाही ५ हजार, आताही ५ हजार. त्यामुळं कुटुंबाचा आकडा लिहिताना शेजारी माणसांचा आकडा लिहिलाच पाहिजे.

मीटरवरून चुली मोजायचा मोह होतो. वाड्याच्या दरवाजातून आत गेलं की डाव्या हाताला लाकडी फळीवर सात-आठ मीटर दिसतात. म्हणजे सात-आठ कुटुंबं? तसं नाही. जरा जवळ जाऊन बघा. एका मीटरचा आकडा सहा महिने हललेला नसतो. ती खोली बंद आहे, मालक पुण्याला. दोन मीटर एकाच घराचे असतात, कारण वीजदर १०० युनिटच्या पुढं चढतो आणि वापर दोन मीटरवर विभागला की बिल कमी येतं. एक मीटर पुढच्या दुकानाचा. उरले तेवढे खरे. त्यामुळं मीटर मोजा, पण प्रत्येक मीटरमागची चूल बघूनच नोंद करा.

आता कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या. समजावून सांगण्यासाठी एक काल्पनिक गल्ली धरू. दहा कुटुंबं. त्यांचं महिन्याचं उत्पन्न हजारांत असं: १२, १४, १५, १८, २०, २२, २५, ३०, ३४ आणि ४०. बेरीज २३०, सरासरी २३ हजार. मधोमधची दोन घरं २० आणि २२ ची, म्हणून मध्यक २१ हजार.

गल्लीतला एक वाडा विकला गेला. त्यात भाडेकरू होते ते १२, १४ आणि १५ हजारवाले. ते गेले. वाड्याच्या जागी सहा फ्लॅट झाले आणि तिथं ६०, ७०, ७५, ८०, ९० हजार आणि १ लाख २० हजार मिळवणारी कुटुंबं आली. आता गल्लीत तेरा घरं, बेरीज ६८४. सरासरी साडेबावन्न हजारांच्या वर. सरासरीवर विश्वास नको, मध्यक बघा, असं सांगितलं जातं, ते एरवी बरोबरच आहे. पण इथं मध्यकसुद्धा २१ वरून ४० हजारांवर जातो. आणि या सगळ्यात गल्लीतल्या एकाही जुन्या माणसाचा पगार एक रुपयानं वाढलेला नाही.

यापुढचा सापळा आणखी बारीक आहे आणि सर्वेक्षण करणारी चांगली माणसंही त्यात सापडतात. ती म्हणतात, नव्यांना बाजूला ठेवू, फक्त जुने बघू. जुनी सात घरं उरलीत, त्यांची बेरीज १८९, सरासरी २७ हजार. आधी जुन्यांची सरासरी होती २३, आता २७. म्हणजे जुन्यांचंही भलं झालं! नाही. सगळ्यात कमी मिळवणारी तीन घरं यादीतून निघून गेली, एवढंच झालं. याच सात घरांची सरासरी आधीसुद्धा २७ च होती. तुलना करायची तर त्याच सात घरांची, तेव्हाची आणि आताची. आणि गेलेल्या तीन घरांचं पुढं काय झालं हे कळल्याशिवाय गल्लीचा हिशेब पुरा होत नाही. राहिलेले, गेलेले आणि आलेले, असे तीन रकाने वेगळे पाडायचे. हे एवढं केलं तरी अर्ध्याहून अधिक चुका टळतात.

महागाईचंही लगेच बघून टाकू. ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ ला १०० धरला, तर २०२४ मध्ये तो साधारण १९० होता. राहिलेल्या घराचे २७ हजार बारा वर्षांत ४० हजार झाले असतील, तर ४० ला १.९ नं भागा. उत्तर येतं जेमतेम २१ हजार. आधीच्या पातळीवर राहायलाच ५१ हजार लागले असते. ज्या घरात निवृत्तिवेतन हेच उत्पन्न आहे तिथं तर फारच वाईट अवस्था असते. ईपीएस-९५ या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचं किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये १ हजार रुपये ठरलं. शाहू मिल बंद पडल्यालाही वीस वर्षं उलटून गेली. गिरणीत, फौंड्रीत, छोट्या कारखान्यांत आयुष्य काढलेली माणसं जुन्या गल्ल्यांत आहेत, आणि 'पेठेचं सरासरी उत्पन्न वाढलं' या वाक्याखाली ती झाकली जातात. ही गोष्ट मनाला लागणारी आहे.

माणसं पेठ का सोडतात? नुसतं पैशाच्या मोहानं सोडत नाहीत. जुन्या वाड्याचं गणित बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० ला अमलात आला. त्यानुसार मालकाला वर्षाला ४ टक्के भाडं वाढवता येतं. त्या वेळी ६० रुपये भाडं असलेली खोली चक्रवाढीनं पंचवीस वर्षांनी सुमारे १६० रुपयांवर येते. एवढ्यात मंगलोरी कौलं काढून बसवायची गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरीही सुटत नाही. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू करायला गेला तर मालकाला हक्काची भीती. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतीची नोटीस लागते. दरम्यान प्रॉपर्टी कार्डावर वारसांची नावं वाढत जातात. आजोबांच्या एका नावाची चौदा-पंधरा होतात, त्यांतली निम्मी पुण्या-मुंबईला. दुरुस्तीच्या खर्चावर पंधरा जणांचं एकमत होत नाही, विक्रीवर होतं.

यात रस्त्याच्या रुंदीचाही भाग आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता जवळपास राज्यभर आलेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीत किती बांधता येईल हे बरंचसं पुढच्या रस्त्यावर अवलंबून आहे. म्हणून मोठ्या रस्त्यावरच्या मिळकती आधी विकल्या जातात आणि आतल्या बोळातली घरं तशीच राहतात. त्यामुळं एकाच गल्लीत तोंडाशी नवी श्रीमंती आणि आत जुनी ओढगस्त, असं चित्र तयार होतं. पाहणी करताना तोंड आणि बोळ वेगळे नोंदवा. एकत्र केले तर येणारा आकडा दोघांचाही नसतो.

पुराचा परिणाम उलट्या दिशेनं होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या लहान पोरालाही पाठ आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या सुतारवाड्यात, शुक्रवार पेठेच्या नदीकडच्या अंगाला, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत ज्याला परवडतं तो वरच्या भागात जातो. तळमजल्याचं भाडं उतरतं आणि तिथं अधिक गरजू कुटुंब येतं. म्हणजे पुढच्या पुरात बुडणारा माणूस आधीच्यापेक्षा कमी ऐपतीचा असतो. नुकसानभरपाई आणि स्थलांतराची आखणी करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, आणि भाडेकरूची नोंद मालकाच्या नोंदीएवढीच काटेकोर घ्यायला हवी. संसार भाडेकरूचा भिजतो, पण कागदावर नाव मालकाचं असतं.

येणाऱ्यांमध्ये फ्लॅट घेणारेच असतात असंही नाही. गुजरीतली, म्हणजे इथल्या सराफ बाजारातली, एखादी सोनारकामाची खोली डोळ्यांसमोर आणा. दहा बाय बारा. भिंतीकडेनं बसकी कामाची मेजं, वर पोटमाळा, त्यावर गुंडाळलेल्या सतरंज्या आणि कुलूप लावलेल्या बॅगा, दाराशी गॅसची शेगडी. पश्चिम बंगालमधून आलेले सहा-सात कारागीर दिवसा इथं दागिने घडवतात आणि रात्री इथंच झोपतात. घरफाळ्याला, म्हणजे घरपट्टीला, जागा अनिवासी. वीजमीटर व्यापारी. मतदार यादीत नाव नाही, रेशनकार्ड गावाकडं. चार सरकारी कागदांनुसार या खोलीत शून्य माणसं राहतात. अंबाबाईच्या देवळाजवळ, महाद्वार रोडच्या आसपास, नेमकं उलट होतं. भाविकांना खोल्या भाड्यानं देणारं घर घरफाळ्याला निवासी असू शकतं, पण तिथं पेठेतलं कुणीच राहत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून भाऊसिंगजी रोडला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. तिथल्या आसपासच्या घरांत ऑफिसं किती होतात, हे आतापासून लिहून ठेवलं तर पाच वर्षांनी त्याची किंमत कळेल.

कागदपत्रांबद्दल थोडं. शिधापत्रिकेच्या रंगावरून आजचं उत्पन्न काढू नका. पिवळं १५ हजारांपर्यंत, केशरी १ लाखापर्यंत, पांढरं त्यावर, या वार्षिक मर्यादा १९९९ च्या आहेत. उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा योजनेच्या मर्यादेत बसवलेला असू शकतो. मतदार यादीतून वय चांगलं कळतं, साठीच्या पुढचे किती ते मोजता येतं, पण गेलेल्यांची नावं राहून जातात आणि नवे येत नाहीत. शाळेच्या पटावरून गल्लीतली मुलं मोजायला जाल तर जरगनगरची महापालिकेची शाळा आठवा. तिथं प्रवेशासाठी लांबलांबून पालक रांगा लावतात, म्हणजे पट मोठा आहे तो शाळेच्या नावलौकिकामुळं. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन बघता येते. कुठल्या मिळकतीचा व्यवहार कधी झाला हे त्यातून नेमकं कळतं, मात्र बक्षीसपत्र आणि हक्कसोडपत्र हे विक्रीतून वेगळे काढा.

शेवटी घरात जाऊन विचारावंच लागतं. "महिन्याचं उत्पन्न किती?" असं थेट विचारलं तर एकतर दार मिटतं, नाहीतर गोल आकडा मिळतो. त्याऐवजी असं विचारा. कमावते हात किती? काम कसलं? गेल्या महिन्यात कामाचे दिवस किती भरले? पगार बँकेत येतो की हातात? घरभाडं, हप्ता, शाळेची फी, औषधं यांना किती जातात? गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरतो? फौंड्रीत आणि यंत्रकामात ओव्हरटाइम वर-खाली होतो, म्हणून चांगला महिना आणि वाईट महिना दोन्ही घ्या. घरकाम, पोळ्या लाटून देणं, शिवणकाम, मसाले कुटून देणं ही बायकांची कमाई पुरुष सांगत नाहीत. त्यांना ती आठवतही नाही. ती बाईलाच विचारा, दुपारी, पुरुष घरी नसताना, आणि विचारणारीही बाईच असावी. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये जुलै २०२४ पासून बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात. तो रकाना वेगळा ठेवा. कारागिरांच्या खोलीवर मात्र साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी जा, आणि मिळालेल्यातले किती गावाकडं पाठवता हे विचारायला विसरू नका. ते पैसे पेठेत मिळतात पण पेठेत खर्च होत नाहीत.

आगामी जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि घरयादीचं काम त्याआधी, २०२६ मध्ये ठरलेलं आहे. सोळा वर्षांनी आकडे येणार. ते येतील तेव्हा आपल्या गल्लीचा स्वतःचा कागद हाताशी असेल, तर प्रगणकाच्या नोंदीत काय सुटलं हे सांगता येईल.

राहिला तो रकाना गेलेल्यांचा. सगळ्यात अवघड तोच, कारण सरकारी दप्तर घरामागं चालतं, माणसामागं चालत नाही. यासाठी कोल्हापुरात एक साधन आहे, ते म्हणजे तालमीची आणि मंडळाची वर्गणीची वही. पेठ सोडलेली माणसंही गणपतीत, शिवजयंतीला वर्गणी देतात आणि गोळा करणारा पोरगा नावापुढं 'कळंबा', 'उचगाव', 'फुलेवाडी' असं लिहून ठेवतो. तालमीतल्या वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांच्यासमोर बसून, गेल्या दहा वर्षांच्या वह्या बघा. नाव, फोन, वर्गणीचा आकडा उतरवायचा नाही. फक्त कुठल्या बोळातून, कुठल्या साली, कुठल्या गावात, एवढंच लिहायचं. एका वहीला साधारण तासभर पुरतो. आणि एखाद्या नावासमोर दोन-तीन वर्षं काहीच लिहिलेलं नसेल, तर ती रांग रिकामी सोडू नका. तिथं प्रश्नचिन्ह करून ठेवा आणि शेजारच्या घरात जाऊन विचारा.

नमस्कार.